चार भित्रे, तीन मेर्लो

चार माणसं महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती बसायला लागली की किस्से आपोआप साठतात. त्यासाठी कोणाला मुद्दाम काही करावं लागत नाही. माळ्यावर टाकलेल्या सामानासारखे ते पडून असतात, आणि मग एक दिवस कोणीतरी म्हणतं, काढ रे खाली. आमचे किस्से ऐकून लोक हसतात. हसू देत. आम्ही मात्र त्या प्रत्येक वेळी घाबरलेले होतो, आणि मी सर्वांत जास्त. दारावरची बेल वाजली तरी मी आधी भोकातून बघतो, मग दार उघडतो.

आम्ही चौघं परळच्या एका शाळेतले, एकाच वर्गातले. सुलभा दादरला राहते, बँकेत ऑफिसर आहे आणि घरीदारी सगळीकडे ऑफिसरच असते. नेल्सन खोताच्या वाडीतला. लाकडी घर, करकरणारा जिना, एकटा जीव. विजय लालबागचा, लिफ्ट दुरुस्तीचा धंदा करतो, चाळीत आईबरोबर राहतो. आणि मी प्रभादेवीचा मनोहर, म्हणजे मन्या.

पन्नाशी उलटल्यावर सुलभाने फर्मान काढलं की आपण वाइन शिकायची. पण एकच द्राक्ष धरायचं, मेर्लो. ती जिभेला ओरबाडत नाही आणि परवडणारी मिळते. पहिल्या रविवारी दुपारी नेल्सनकडे तीन ठिकाणच्या तीन बाटल्या. नाशिकची कायम, बाकीच्या दोन चिली, ऑस्ट्रेलिया, दक्षिण आफ्रिका, जे त्या महिन्यात स्वस्त असेल ते. लेबल दिसू नये म्हणून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. बघायचं, हुंगायचं, घोट तोंडात फिरवायचा आणि थुंकायचा. ‘आपण चाखणारे आहोत, पिणारे नाही,’ हे ती पहिल्याच दिवशी दोनदा म्हणाली.

*

पहिली बाटली आणायचं काम माझ्याकडे आलं. आता दुकानात जाऊन बाटली आणणं याला काही शौर्य लागत नाही, पण मला दुकानदारापेक्षा परवान्याची भीती. आपल्याकडे प्यायला परवाना लागतो, आणि तो माझ्याकडे नव्हता. तुम्ही विचारलंत तर तो कोणाकडेच नसतो, पण पकडले जाणार ते मीच, याची मला खात्री होती.

बाटली आणली. मग दुसरी भीती, वाइन खराब निघाली तर? सुलभा चारचौघांत माझी लाज काढणार. म्हणून मी घरीच बूच काढून वास घेतला, बरा वाटला, बूच परत दाबून बसवलं, आणि बाटली कापडी पिशवीत घालून निघालो. नेमका तो दिवस संकष्टीचा, हे माझ्या लक्षातच नव्हतं. सिद्धिविनायकाच्या रस्त्याला हीऽऽ गर्दी, जागोजागी पोलीस. मी पिशवी छातीशी घट्ट धरली. म्हणजे बाटली आडवी.

एका हवालदाराने माझ्याकडे पाहिलं आणि धावतच आला. पांढऱ्या शर्टावर पोटापाशी भलामोठा लाल डाग पसरत होता. ‘काका, लागलं कुठे? बसा, बसा खाली.’ मला खुर्चीवर बसवलं, एका बाईंनी पाणी दिलं, कोणीतरी अँब्युलन्स बोलवा म्हणालं. लागलंय म्हणावं तर अँब्युलन्स, नाही म्हणावं तर चौकी. शेवटी हवालदार डाग बघायला खाली वाकला, थांबला, आणि त्याने एक लांब श्वास घेतला.

मग सरळ होऊन जमलेल्या लोकांना म्हणाला, ‘चला, पुढे चला, काकांना काही झालेलं नाही.’ आणि हळूच मला, ‘बूच घट्ट बसवत जा.’

*

आमच्यात खरं नाक कोणाचं असेल तर ते विजयचं. सुलभा पुस्तकी बोलायची. प्लम म्हणे, सीडरचं लाकूड म्हणे. प्लम आम्ही खाल्लेलं, पण त्याला काही वास असतो असं आमच्यापैकी कोणालाच आठवत नव्हतं. विजय ग्लासात नाक घालून डोळे मिटायचा आणि म्हणायचा, ‘जांभूळ. पिकलेलं नाही, झाडाखाली पडून फुटलेलं. आणि मागे लवंग.’ म्हणजे ती नाशिकची! चिलीच्या वाइनला तो सिमला मिरची म्हणायचा, देठासकट. ऑस्ट्रेलियाची म्हणजे जॅमची उघडी बाटली. वर्तमानपत्र सोडलं की त्याचं बरोबर निघायचं. लालबागला मसाला कांडून देणाऱ्या दुकानांच्या वर जन्म गेला, नाक तयार होणारच, असं तो म्हणायचा.

फक्त तो थुंकायचा नाही. गिळल्याशिवाय शेवटची चव कळत नाही, हे त्याचं म्हणणं. सुलभाने एकदा सांगून पाहिलं, दोनदा सांगून पाहिलं. आम्ही तिघं थुंकायचो आणि तो गिळायचा. तेव्हा आम्हाला ते गमतीचं वाटत होतं.

*

विजय एकाच माणसाला भितो, आईला. आम्ही तिला काकी म्हणतो. मूळची कणकवलीकडची, लालबागला येऊन उभा जन्म गेला तरी बोलणं मालवणीच. विजयचे वडील मिलमध्ये होते. मिल बंद पडली आणि ते दारूत गेले, आणि विजय आठवीत असताना त्यातच संपले. तेव्हापासून त्या खोलीत दारू हा शब्द उच्चारत नाहीत. विजयला खोकला झाला तर काकी औषधाची बाटली आधी स्वतः हुंगते, मग त्याला देते. अजूनही.

तर या काकीला विजयने सांगून ठेवलेलं की पहिल्या रविवारी शाळेतल्या मित्रांचं भजन असतं. एका रविवारी आम्ही दक्षिण आफ्रिकेवर होतो आणि काकीचा व्हिडिओ कॉल आला. विजयच्या तोंडचं पाणी पळालं. नेल्सनने बाटल्या टेबलाखाली घातल्या, सुलभाने ग्लासांवर ओढणी टाकली, विजयने मोबाइल छताकडे धरला. काकी म्हणाली, म्हणा बघू कायतरी, माका ऐकूचा आसा.

काय म्हणणार? आरत्या म्हटल्या. मी भीतीने एक पट्टी वर, सुलभा बेसूर, विजयचा आवाजच फुटेना. नेल्सन मात्र वाडीतल्या गणपतीत वाढलेला. त्याने डोळे मिटून, टाळ्या वाजवत सगळ्या आरत्या शेवटच्या कडव्यापर्यंत नेल्या. काकीने शांतपणे सगळं ऐकून घेतलं.

‘नेल्सनाचो आवाज बरो आसा,’ ती म्हणाली. ‘पण झिला, भजनाक बसल्यावर इतको घाम कित्याक येता रे तुका?’ आणि फोन ठेवला.

त्या दुपारी आम्ही खूप हसलो. विजय हसला नाही. टेबलाखालची बाटली त्याने वर घेतली आणि सुलभाने ओतायची वाटही पाहिली नाही.

*

उरलेल्या बाटल्या विजय घरी न्यायला लागला. अभ्यासाला, म्हणायचा. नेल्सनला बरंच वाटलं, नाहीतर दोन दिवसांत त्याचं व्हिनेगर होतं. पूर्वी विजय सगळ्यांत उशिरा यायचा, आता सगळ्यांच्या आधी यायला लागला. मी म्हटलं, चला, माणूस सुधारला.

मग एका रविवारी सुलभाने ओतायला पहिली बाटली उचलली आणि ती तशीच थांबली. बाटली अर्ध्याहून रिकामी होती. वर्तमानपत्र मात्र नीट गुंडाळलेलं, टोकाला चिकटपट्टीसुद्धा होती. नेल्सनने माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं. विजय म्हणाला, ‘दुकानदारानेच कमी भरलीय बहुतेक.’ कोणीही हसलं नाही.

त्या दिवशी त्याने तिन्ही ग्लास एकामागून एक संपवले. हुंगलं नाही, डोळे मिटले नाहीत. सुलभाने विचारलं, कुठली नाशिक? आणि आमचा तो नाकवाला विजय, देठासकट सिमला मिरची ओळखणारा, म्हणाला, ‘सगळ्या सारख्याच की. चालतंय.’

मी आयुष्यात पुष्कळ गोष्टींना घाबरलोय. पण त्या ‘चालतंय’ला जितका घाबरलो, तितका पूर्वी कशालाच नाही.

*

सुलभा म्हणाली, कोणीतरी जाऊन त्याच्याशी स्पष्ट बोलायला हवं. बाईमाणूस बोललं तर त्याला लागेल, नेल्सन बोलता बोलता रडेल, म्हणून मी. हे असं नेहमी होतं.

मी गेलो. वाटेत वाक्यं पाठ केली. ‘विज्या, मित्र म्हणून सांगतो.’ चाळीखाली पोचलो, जिन्याची पहिली पायरी चढलो आणि तिथेच थांबलो. तसाच मागे वळून मसाल्याच्या दुकानात शिरलो, म्हटलं जरा धीर येईपर्यंत इथे उभं राहू. दुकानदाराने काय हवं विचारलं, तर काहीतरी सांगायला नको का? एक किलो मालवणी मसाला घेतला. पैसे देऊन वळतो तर मागे काकी उभी, हातात हळदीची पुडी.

काकीने मला आपादमस्तक न्याहाळलं. आमच्याकडे मसाला सासुरवाडीहून येतो हे तिला ठाऊक आहे. ती म्हणाली, ‘मनोहरा, तू माका कायतरी सांगूक इलंस.’

मी म्हटलं, नाही काकी, सहज.

‘भियां नको रे. माका वास येता.’

एवढंच. मग तीच म्हणाली, चल, चाय घे. मी घाईत असल्याचं सांगून सटकलो. सुलभाला फोनवर म्हणालो, विजय भेटलाच नाही. त्या मसाल्यावरून बायको अजून मला बोल लावते.

*

आणि हा शेवटचा, गेल्या महिन्यातला.

दुपारची वेळ. तीन बाटल्या टेबलावर, विजय आधीच येऊन बसलेला, डोळे लालसर. सुलभा पहिली बाटली उघडत होती. एवढ्यात नेल्सनचा जिना करकरला. एक पायरी, मग थांबणं, मग पुढची पायरी. वर येणाऱ्या माणसाचे गुडघे दुखत होते हे आम्हाला ऐकू येत होतं. बाटल्या लपवायला वेळ होता, पण कोणी हललं नाही.

काकी दारात आली. तिने चपला बाहेर काढल्या, आत येऊन विजयच्या शेजारच्या खुर्चीवर बसली आणि पदराने मान पुसली. विजय पांढराफटक पडला होता. नेल्सन पाणी आणायला गेला तो स्वयंपाकघराच्या दारातच उभा राहिला.

‘करा, तुमचा काय चल्ला हा ता करा,’ ती म्हणाली. ‘माका पण शिकव गो सुलभा.’

सुलभाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. ‘काकी, तुम्ही कशाला,’ असं काहीतरी ती पुटपुटली.

‘विजयच्या बापाशीक ह्याच्यात काय गावला ता मी जल्मात बघूक नाय. आता माका बघूचा आसा.’

सुलभाने आधी स्वतः एक घोट तोंडात फिरवून थुंकून दाखवला, मग काकीच्या ग्लासात तळाला टेकेल एवढीच ओतली. काकीने ग्लास उजेडात धरला नाही. सरळ नाकाशी नेला आणि तसाच धरून बसली. मग एक घोट घेतला, सुलभाने दाखवल्यासारखा तोंडात फिरवला आणि थुंकला. दुसऱ्या बाटलीचं तसंच केलं, तिसरीचंही तसंच. तिसरी नाशिकची होती.

‘ह्येका जांभळाचो वास आसा,’ ती म्हणाली. ‘पहिल्याक हिरव्या मिरचेचो.’

विजयने मान वर केली. आम्ही सगळ्यांनीच केली.

‘वास तुझ्या बापाशीक पण बरो कळा होतो,’ ती त्याला म्हणाली. ‘सुरवातीक.’

मग तिने सुलभाला सांगितलं, ह्याच्या ग्लासात घाल. सुलभाने घातली. विजयने नाही म्हणायला तोंड उघडलं, पण काकी ग्लास त्याच्या हातात देऊन मोकळी झाली होती. त्याने घोट घेतला. हुंगला नाही.

काकी खुर्ची सरकवून त्याच्या जवळ गेली. लहान मुलाने खाली पडलेलं काहीतरी तोंडात टाकल्यावर आई जसा हात धरते, तसा तिने आपला उघडा तळहात त्याच्या हनुवटीखाली धरला.

‘थूक,’ ती म्हणाली.

विजयचे गाल भरलेले. पन्नाशी उलटलेला माणूस, केस पिकलेले, आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. मी त्याच्या गळ्याकडे बघत होतो. नेल्सन, सुलभा, सगळेच त्याच्या गळ्याकडे बघत होते.

गळा हलला. त्याने गिळलं.

काकी रागावली नाही, रडली नाही. हातही तिने मागे घेतला नाही.

‘सुलभा,’ ती म्हणाली, ‘ह्येका आणखी वायच घाल गो.’