खोली किती?

ताईंना काहीही सांगितलं, की त्यांचा पहिला प्रश्न असे, "खोली किती?" बोट कापलं म्हणा, विहीर खणली म्हणा, कोणी प्रेमात पडलं म्हणा. म्हणून ऑफिसात सगळे त्यांना खोलीताई म्हणत. परदेशी रुग्णालयांच्या बिलांसाठी शस्त्रक्रियांचे अहवाल वाचून त्यांना कोड द्यायचे, हे आमचं काम. ऑफिस हिंजवडीला, आणि जवळच्या जांबे गावात आम्हा दोघींची भाड्याची एक खोली.

नवी असताना मी मांसल भागाच्या बायोप्सीत हमखास अडखळायचे. मग ताई स्वतःच्या दंडाला चिमटा काढून दाखवत. "ही कातडी, ही चरबी, त्याखाली स्नायूवरचं आवरण. तुकडा आवरणाच्या वरून घेतला तर एक कोड, आत शिरून घेतला तर दुसरा. अख्खी गाठच काढली, तर ती बायोप्सी नव्हेच. अहवालात लिहिलं नसेल, तर अंदाज करायचा नाही. विचारायचं."

एकदा घरून काम करताना त्या फोनवर ओरडल्या, "अहो, यात खोलीच नाही! परत पाठवा!" दारात घरमालकीण मावशी उभ्या. "खोली न्हाई कशी? मग ऱ्हाताय कुटं, माज्या डोक्यावर?" ताई हसून हसून कॉटवर आडव्या झाल्या.

गेल्या हिवाळ्यात त्यांच्या मांडीत गाठ लागली. "चरबीची असेल," मी म्हणाले.

"अंदाज करायचा नाही."

जागा बधिर करून डॉक्टरांनी चीर दिली. मी पडद्याबाहेर होते. आतून ताईंचा आवाज आला, "खोली किती, डॉक्टर?"

"तुम्ही पेशंट आहात की ऑडिटर?"

"दोन्ही."

डॉक्टर हसले. थोड्या वेळाने म्हणाले, "स्नायूच्या आत."

कोड मला पाठ होता. पण त्या कोडला हात कुठवर गेला एवढंच कळतं; हाती काय लागलं, ते कळत नाही.

रिपोर्ट वाईट आला. ताईंनी तो एकदाच वाचला, घडी घालून उशीखाली ठेवला आणि विचारलं, "भात टाकू ना गं?"

उन्हाळ्यात भाऊ त्यांना परभणीला घेऊन गेला. दोन महिन्यांनी त्या तिकडेच गेल्या.

परवा मावशी जागा बघायला एका मुलीला घेऊन आल्या. ताईंच्या कॉटवर माझी पुस्तकं पसरलेली होती. मुलीने उंबऱ्यातूनच विचारलं, "खोली किती आहे?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं, मग कॉटकडे.

"दोगींपुरती हाय," त्या म्हणाल्या.

मी पुस्तकं उचलू लागले.