मामाबरोबर गेलेली पोरं

अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत माझ्या शेजारच्या टेबलावर ओक्लाहोमाचा एक म्हातारा इंजिनियर बसतो. आईकडून तो चॉक्टॉ. ही अमेरिकेतली मूळची जमात. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी सरकारने तिला मिसिसिपीतल्या जमिनीवरून उठवून पश्चिमेला हाकललं. म्हाताऱ्याचा खापरपणजा गोरा व्यापारी, त्याची बायको चॉक्टॉ. बायकापोरांसाठी तोही त्यांच्याबरोबर चालत गेला, असं घरात कौतुकाने सांगत आलेत. म्हाताऱ्याला त्याची कबर शोधायची होती.

माझं वेगळंच चाललं होतं. बायको-पोरगी दुबईत. तिथल्या अल नहदातल्या फ्लॅटचं भाडं वाढलं आणि बायकोने सरळ सांगितलं, "अहो, मी पोरीला घेऊन साताऱ्याला दादाकडे जाते. तुम्ही नोकरी सोडून येताय की नाही, ते काय ते ठरवा." मी म्हटलं, बघू. खरं सांगतो, आत काही हलतच नव्हतं. राग नाही, रडू नाही. दाढ काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल होतो ना, तसा अख्खा माणूस झालो होतो. म्हणून लंच ब्रेकमध्ये म्हाताऱ्याच्या भानगडीत शिरलो. तेवढंच डोकं गुंतायचं.

आम्ही बापाच्या, म्हणजे त्या व्यापाऱ्याच्या, आडनावामागे धावलो. आमच्यात पोराच्या नावापुढे बापाचं नाव लागतं, त्यांच्यात आडनाव. दोघांनाही दुसरं सुचणार कसं? पश्चिमेकडच्या जुन्या नोंदींत बाप नाही, पोरंही नाहीत. "खलास," मी म्हणालो, "वाटेत गेले असतील सगळे."

मग त्याने जमातीतल्या एका लांबच्या मावशीला फोन लावला. ती बाई स्पीकरवरूनच आमच्यावर उखडली. "बापाकडे काय शोधताय? आमच्यात पोरं आईच्या कुळाची. त्यांना वाढवायचं, वळण लावायचं ते आईच्या भावाने. आधी मामा शोधा!"

मामा चार दिवसांत सापडला. बहीण आणि तिची पोरं घेऊन तो पश्चिमेला पोचला होता. बापही सापडला, पण मिसिसिपीत. तिथे त्याच्या नावावर जमीन झाली होती. ती त्याने सोडली नाही. पुढे दुसरं लग्न केलं.

म्हातारा स्क्रीनकडे बघत बसला. "जाऊ शकला असता," एवढंच म्हणाला.

मला कसला संताप आला, देव जाणे. "हातची जमीन कोण सोडतो रे बाबा? नंतर जाणार असेल!"

"नंतर म्हणजे कधी?"

मी उठून चहा आणायला गेलो. परत आलो तेव्हा तो कामाला लागला होता, मीही लागलो. राजीनाम्याचं मात्र त्या महिन्यातही बघूच राहिलं.

शाळेचं वर्ष संपल्यावर मेहुणा स्वतः न्यायला आला. भला माणूस. साताऱ्यात पोरीची अ‍ॅडमिशन त्यानेच केली, सायकलही घेऊन ठेवली. एअरपोर्टवर बायको माझ्याकडे न बघता पासपोर्ट चाळत होती. पोरीने विचारलं, "बाबा, आर यू कमिंग लेटर?"

"इन्शाल्ला," मी म्हणालो.

ती इथेच वाढलेली. तोंडावर नाही म्हणायचं नसलं की मोठी माणसं काय म्हणतात, ते तिला पक्कं ठाऊक. "ओके," म्हणाली, आणि मामाचा हात धरून आत गेली.