भाऊजींचं बिनपाण्याचं इंजिन

पाण्याशी इतकं वैर धरलेला दुसरा माणूस अख्ख्या मुलुंडमध्ये सापडणार नाही, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. एका अर्थी त्यांचंही बरोबर आहे. भाऊजींची सगळी नोकरी पाणी खात्यात गेली. दूधवाला, भाजीवाली, अगदी स्वतःच्या लग्नातले भटजीसुद्धा त्यांना एकच विचारायचे, "साहेब, आमच्याकडे पाणी कधी येणार?" अशा माणसाला पाण्याचा थेंबही न लागणारं काही भेटलं, तर जीव जडणारच. भाऊजींचा जडला तो एका जर्मन स्पोर्ट्स कारच्या एअर-कूल्ड इंजिनावर. गाडीवर नव्हे, फक्त इंजिनावर. अंधेरीच्या एका गॅरेजवाल्याने मोडीतल्या गाडीतून काढलेलं ते इंजिन एकदा चालू करून दाखवलं. भाऊजींनी ते घेतलं, "गाडी मागाहून बघू" म्हणाले, आणि चार हमाल लावून लिफ्ट नसलेल्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चढवलं. तेव्हापासून ते ताईच्या हॉलमध्ये टीव्हीशेजारी लोखंडी स्टँडवर बसलं होतं. गाडी काही आली नाही.

घरी आलेल्या पाहुण्याला पाणी मिळायच्या आधी माहिती मिळायची. "बत्तीसशे सीसी. सहा सिलिंडर, तीन इकडे, तीन तिकडे, समोरासमोर आडवे. वर पंखा. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पाइप नाही. जे नाहीच, ते बिघडणार कसं?" हा शेवटचा मुद्दा भाऊजी घरातल्या प्रत्येक वस्तूला लावायचे, त्यामुळे ताईला वॉशिंग मशीन फार उशिरा मिळालं. भाचीला बघायला आलेल्या पहिल्या मंडळींपैकी मुलाच्या वडिलांनी इंजिनावर चहाचा कप ठेवला. भाऊजींनी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि ते स्थळ तिथेच संपलं. दुसऱ्या मुलाने "टॉर्क किती?" असं विचारलं. त्याचा पगार भाऊजींनी साखरपुडा झाल्यावर विचारला.

तेल मात्र गळायचं. भाऊजींच्या मते ते गळणं नव्हतं. इंजिन जिवंत असल्याची ती खूण होती. त्या खुणेखाली ताईची चांगली पितळेची परात कायमची गेली. दर रविवारी आंघोळीआधी भाऊजी मोठा पाना लावून इंजिन हाताने दोन फेरे फिरवत, आतून गंजू नये म्हणून. दसऱ्याला झेंडूचा हार आधी त्याला, मग दाराला. आणि वर्षानुवर्षं तेच प्रमाणपत्र: "इतकी वर्षं झाली, एकदाही दगा दिला नाही." यावर ताईचं उत्तरही ठरलेलं होतं. "जिना उतरलं असतं तर दिला असता."

या इंजिनाला मागणी नव्हती असं नाही. भाऊजींच्याच खात्यातून निवृत्त झालेले अंतोन, कांदिवलीच्या जुन्या गावठाणात राहणारे, त्यांच्या अंगणात नेमकी याच मॉडेलची गाडी विटांवर उभी होती. ती त्यांच्या दिवंगत भावाची. इंजिन त्याने अडचणीच्या काळात विकून टाकलं होतं. अंतोन दर नाताळाला केक घेऊन येत, इंजिन मागत आणि केक ठेवून परत जात. भाऊजी म्हणत, "अंतोन, ते तसं द्यायचं इंजिन नाही रे." केक मात्र खात.

मग ताईची इमारत पुनर्विकासाला गेली. मी सामान हलवायचं वेळापत्रक केलं. भाड्याच्या घराच्या मालकाने तेलकट काहीही आत येणार नाही असं बजावलं. त्याच आठवड्यात अंतोन आले, या वेळी केकशिवाय. नातीचं लग्न होतं, आणि आजोबांच्या भावाच्या गाडीतूनच चर्चला जायचं असा तिचा हट्ट होता. भाऊजी हो म्हणाले. मला वाटलं, प्रश्न सुटला. जिन्यापर्यंत मला सोडायला आले तेव्हा भाऊजी हळू आवाजात म्हणाले, "चालू झालंच नाही तर गं? इथे आहे तोवर निदान दगा दिला नाही असं मी म्हणू तरी शकतो."

चालू झालं. गॅरेजवाल्याने सील बदलले, इंजिन गाडीत बसवलं, आणि पहिल्या आवाजाला अंतोनच्या डोळ्यांत पाणी आलं. भाऊजींच्या डोळ्यांतही काहीतरी आलं, पण त्यांनी ते तेल आहे असं सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या आंघोळीचं, उंबराचं पाणी आणायला सगळं गावठाण वाजतगाजत विहिरीवर गेलं, तेव्हा भाऊजी एकटेच गाडीपाशी बसून राहिले.

लग्नाच्या सकाळी अंतोन गाडी चालवत होते, शेजारी नवरी, आणि मागच्या वीतभर सीटवर गुडघे हनुवटीला लावून, इंजिनाकडे कान करून भाऊजी. पुढे बँड. चर्च हाकेच्या अंतरावर, पण बँडवाले प्रत्येक दारापुढे थांबून वाजवत होते. आम्ही मागून चालत होतो. या इंजिनाचा पंखा इंजिनाच्याच वेगाने फिरतो. मुंगीच्या चालीने गेलं की तोही सुस्तावतो. बाजाराच्या तोंडाशी जळक्या तेलाचा वास आला, आणि भाऊजींनी गाडी बंद करायला लावली. लगेच समोरच्या घरातून नवरीची एक मावशी भरलेली कळशी घेऊन धावली. ती गाडीच्या पुढे गेली, कोणीतरी पुढचं झाकण उघडून दिलं, तर आत नवरीची बॅग. इंजिन मागे आहे हे कळून ती मागे येईपर्यंत भाऊजी कसेबसे बाहेर पडून हात पसरून उभे होते.

"पाणी नको. हवा द्या."

"अहो, तापलंय ते."

"तापू दे. पाणी पडलं तर फुटेल."

पाणी नको म्हणणारा पाणी खात्याचा माणूस त्या मावशीने पहिल्यांदाच पाहिला असावा. मी मागची माणसं इंजिनाच्या उघड्या झाकणाभोवती गोल उभी केली. प्रार्थनेच्या पुस्तिका, सुपं, जेवणाच्या पत्रावळी, जे मिळेल त्याने गावठाण वारा घालू लागलं. झांजवाल्याने झांजांनी घातला. नवरीने काच खाली करून विचारलं, "अंकल, फादर थांबलेत. चालत जाऊ का मी?"

भाऊजींच्या कपाळावरून घाम गळत होता. ते म्हणाले, "थोडं थांब बाळा. ते दगा देणार नाही." आणि अंतोनकडे वळून, "बँडला मागे घे."

किल्ली फिरली. इंजिन गुरगुरलं, मग मोकळं गरजलं. गाडी पुढे आणि धापा टाकत पळणारा बँड मागे, अशी ती वरात चर्चच्या दारात पोचली. भाऊजी वाटेतच राहिले होते, रस्त्यावर, आवाज कमी होत जाईपर्यंत.

पुढच्या महिन्यात ताईचं सामान भाड्याच्या घरात लागलं. कुठे काय ठेवायचं ते मी आखून आणलं होतं. टीव्हीशेजारी जागा उरत होती, तिथे मी शोकेस सुचवलं. ताई घासूनपुसून लख्ख केलेली परात हातात घेऊन उभी होती. म्हणाली, "राहू दे गं मोकळीच."

तेवढ्यात भाऊजी स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन खिडकीकडे निघाले. वाट सरळ होती. टीव्हीपाशी आले, त्या मोकळ्या जागेला वळसा घातला, आणि मग खिडकीत जाऊन उभे राहिले.