वरच्याला खालचा दिसेना

यंत्रं माणसांसारखी एकमेकांकडे पाठ फिरवत नाहीत, असं मी मानत असे. मग नाशिक रोडच्या आमच्या घरात वरच्या आणि खालच्या मजल्यावरचे दोन जुने संगणक वायर ओढून जोडले, आणि वरच्याला खालचा दिसेना. बायकोच्या क्लासची प्रश्नपत्रिका वरच्यात, प्रिंटर खालच्याला आणि परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. वरचा संगणक पेन ड्राइव्ह घेत नव्हता.

दुरुस्तीला आलेला गृहस्थ टाइप करताना डाव्या हाताने कीबोर्ड झाकायचा. मला त्याचाच संशय येऊ लागला. त्याला आमचा आला.

“काका, पासवर्ड कोणाकोणाला दिलाय?”

“कोणालाच नाही.”

“सगळे असंच म्हणतात. घरातलंच कोणीतरी असतं बघा.”

बायकोने माझ्याकडे पाहिलं.

तासाभराने त्याने वरच्या संगणकाचं नाव बदललं आणि प्रश्नपत्रिका छापून आली. एका नेटवर्कात एकाच नावाचे दोन संगणक चालत नाहीत. शुभ म्हणून दोघांचंही नाव मीच ‘श्रीगणेश’ ठेवलं होतं.