बीड वाकत नाही

माझा आवाज हळू आहे. त्यामुळे माझ्या मनातला तिरस्कार कुणाला ऐकू येत नाही आणि नम्रतेचे श्रेय मात्र मला फुकट मिळत आले आहे.

साखर कारखान्यात ऊस चिरडणारा रोलर भरीव दिसतो. तो तसा नसतो. बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, जाड, पोकळ दंडगोल तापवून पोलादी शाफ्टवर चढवतात. निवताना तो आकसतो आणि शाफ्टला करकचून आवळतो. हाताला लहान पडणारी बांगडी भरावी तसा तो पुढे कायम ताणलेलाच राहतो. हा ताण सर्वांत जास्त असतो आतल्या बाजूला, जिथे कुणाची नजर पोहोचत नाही. भेग निघते तीही बहुधा तिथूनच. बीड वाकत नाही, एकदम फुटते. हे मी धातूबद्दल लिहितो आहे; आमचा जिल्हा चांगला वाकतो.

मी कारखान्याचा इंजिनिअर. हंगामापूर्वीच्या दुरुस्तीत आमच्या एका रोलरच्या कडेला मला शंका आली. मी तिथे भेगेत झिरपणारा लाल द्रव लावला, वरचा पुसला, आणि आत उरलेला शोषून घेणारी पांढरी भुकटी मारली. भुकटीतून शाफ्टपासून बाहेरच्या दिशेने एक लाल रेघ वर आली. गणित मांडले. हा रोलर हंगाम काढणार नव्हता, आणि फुटला असता तेव्हा मिलवरच्या पाळीतले कामगार त्याच्या शेजारीच उभे असते. सुटा रोलर आवारात पडून होता. फक्त हंगामाचा मुहूर्त थोडा पुढे ढकलायला हवा होता.

कारखान्याच्या अध्यक्षांना शेजारच्या कारखान्याआधी आपल्या धुराड्यातून धूर काढायचा होता.

"साहेब, रंग तुमीच लावला," ते म्हणाले, "अन् लाल दिसतंय म्हणून सांगायला बी तुमीच आलाव."

संचालक हसले. अध्यक्षांनी विनोद केला की ते हसत; न केला तरी हसत.

"भेग आतून आली आहे," मी म्हणालो.

"घट्ट आवळलेलं हाय न्हवं? मग फुटंल कावून? ढिलं असतंय ते फुटतंय."

"आवळलंय म्हणूनच फुटेल."

"लई शिकलं की मानसाला भेगाच दिसत्यात."

कोणत्या गावात कोणता गट किती ताणला म्हणजे तुटतो, हे या गृहस्थांना झोपेतही सांगता आले असते. लोखंडाबाबतच त्यांना अक्कल वापरायची नव्हती. मी तेव्हा ओरडायला हवे होते. मी "बरं" म्हणालो आणि मनातल्या मनात त्यांना मूर्ख ठरवून घरी जेवायला गेलो. त्या जेवणाची मला आजही लाज वाटते.

मुहूर्ताच्या दिवशी उमापूरकडचा ऊस फाटकाशी येऊन थांबला होता. गुरुजींनी रोलरच्या कडेवर ओल्या कुंकवाने स्वस्तिक काढले. ते ओघळले. त्यांनी ते फडक्याने पुसले आणि वर नारायणगडाहून आणलेला अंगारा भरपूर फासला. मंत्र चालू राहिले. मी त्या राखेकडे पाहत होतो, कारण पुढे काय होणार हे तिथे मला एकट्याला ठाऊक होते. राखेतून लाल रेघ हळूहळू वर आली.

गुरुजी थांबले. अध्यक्षांनी डोक्यावरची टोपी सारखी केली आणि हात जोडले.

"देवीआईनं कुंकू मागितलं," ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होते.

संचालकांचे हात पटापट जोडले गेले. माझ्या रंगाला हसलेली तीच माणसे. इतकी किळस मला त्यापूर्वी कधी वाटली नव्हती. मग मला माझाच आवाज ऐकू आला, नेहमीसारखा हळू, जवळजवळ भाविक:

"अध्यक्षसाहेब, आईनं जिथं खूण दिली, त्याच्यावर ऊस कसा चिरडायचा?"

अध्यक्षांनी रेघेवरचे कुंकू बोटाने कपाळाला लावले.

"न्हाई चिरडायचा," अध्यक्ष म्हणाले. "ह्यो बाजूला काढा. दुसरा चढवा. मुहूर्त आई दुसरा देईल."

मिलवरची पाळी त्या हंगामात सुखरूप राहिली. माझे गणित कुणीच मागून पाहिले नाही.

तो रोलर आता फाटकाजवळ ओट्यावर आहे, वर पत्र्याचे छप्पर. दरवर्षी हंगामाची पहिली उसाची मोळी टाकण्यापूर्वी त्याला कुंकू लागते आणि मला पहिल्या रांगेत हात जोडून उभे राहावे लागते. पाहुण्यांना ती हकिगत सांगताना अध्यक्ष मला पुढे ओढतात.

"साहेब इंजिनिअर हायेत, अन् त्यांना बी दिसली. काय साहेब, दिसली का न्हाई?"

"दिसली," मी हळूच म्हणतो.