सेमीफायनलच्या आधीची रोवणी

भंडाऱ्याच्या मैदानाचं तळं झालं म्हणून आमची सेमीफायनल आठ दिवस पुढं गेली. फोन आला तेव्हा आमचे सर शाळेच्या ओसरीत उभे होते. फोन ठेवला आणि त्यांनी तिथल्या तिथं खिशातून डायरी काढली. सोमवारी हलकं धावणं, मंगळवारी पासिंग, बुधवारी पूर्ण विश्रांती. त्यांचा चेहरा असा उजळला होता की जणू ही सुट्टी कुणीतरी खास आमच्यासाठीच मागून घेतली होती. मी समोरच उभी होते. म्हटलं, "सर, हा आठवडा रोवणीचा आहे."

"मग?"

"मग काय? आम्ही सगळ्या धानाच्या बांधीत राहू."

सर नागपुरात वाढलेले, आमच्या शाळेत खेळ शिकवायला आलेले. लाखांदूर तालुक्यातल्या धानाच्या गावात राहून त्यांना तीन वर्षं झाली होती, पण रोवणी, म्हणजे धानाची रोपं चिखलात लावणं, हे त्यांनी फक्त एसटीच्या खिडकीतून पाहिलं होतं. आम्ही संघात आठजणी, मैदानात सात खेळणार आणि एक राखीव. या आठही जणी एकाच टोळीत रोवणीला जाणाऱ्या. टोळीनं शेतकऱ्याला शब्द दिलेला असतो, आणि रोपं काही फुटबॉलसाठी थांबत नाहीत. वेळेत लावली नाहीत तर ती जून होतात, मग धान कसलं आणि काय. सरांनी डायरी मिटली. "म्हणजे विश्रांती नाहीच?" असं त्यांनी इतक्या पडेल आवाजात विचारलं की मला हसू आलं.

पण हसण्यासारखी माझी परिस्थिती नव्हती. मी तेव्हा छत्तीस वर्षांची, संघातली सगळ्यात मोठी. उजव्या बाजूला बचावाला उभी राहायचे. आधीच्या सामन्यात समोरच्या संघातली एक चपळ पोरगी दोनदा मला चकवून गेली आणि दुसऱ्यांदा तिनं गोल केला. आम्ही जिंकलो, पण परतताना टेम्पोत सर म्हणाले, "वहिनी, सेमीला तुमच्या जागेवर तुम्ही की ती, ते सामन्याच्या आदल्या शनिवारी पळवून पाहून ठरवू." ती म्हणजे आमच्या घरापासून दोन घरं सोडून राहणारी बारावीतली पोरगी, आमची राखीव खेळाडू. मला काकू म्हणते. दावं सुटलेल्या वासरासारखी पळते.

मी दोन दिवस सरांशी बोलले नाही. सरावाला गेले, पण तोंड फुगवून. माझा राग असाच आहे, भांडत नाही, भांडी आपटते. घरच्यांना वाटलं, एका खेळासाठी एवढं काय. मला ती सेमीफायनल खेळायची होती. लग्नानंतर इतकी हवीशी वाटलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही. रोवणीला, निंदणीला, कुणाच्या लग्नात पोळ्या लाटायला मला सगळेच बोलावतात. पण तू मैदानात हवीस असं मला कुणीतरी आयुष्यात पहिल्यांदाच म्हटलं होतं, आणि आता सर तेच मागं घेऊ पाहत होते.

सोमवारी सर छत्री घेऊन थेट बांधीवर आले. पिशवीत चेंडू. धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, उभे राहून आमच्याकडं पाहू लागले. आम्ही वाकून ओळीत लावत होतो. डोक्यावरून प्लास्टिकचे कागद, डाव्या हातात रोपांची पेंढी, उजवा हात पुढं चिखलात आणि पाय मागं, मागं, मागं. रोवणी अशीच होते. पुढं पाऊल टाकलं तर आत्ताच लावलेलं आपल्याच पायाखाली जाईल. सर आमचे पायच न्याहाळत होते. मग एकदम ओरडले, "हेच! मैदानात तुम्ही हेच करता!"

आम्ही कमरेवर हात ठेवून उभ्या राहिलो. सर छत्रीनं हवेत रेघा ओढत सांगू लागले. प्रत्येक सामन्यात तेच. समोरून चेंडू आला की आमच्या तिघी बचाववाल्या सरळ ओळीत, एकही पाय न अडखळता, मागं मागं जात जात पार गोलकीपरच्या मांडीवर जाऊन बसतात. पुढं होऊन चेंडू अडवायचा असतो हे ते महिनाभर सांगत होते, आणि आम्ही मान हलवून पुन्हा मागं जात होतो. लहानपणापासून पायांना जे वळण लागलं, ते सरांच्या शिट्टीनं कसं जाणार?

आमची गोलकीपर म्हणजे माझी जाऊ. टोळीची मुख्यही तीच. ती म्हणाली, "सर, मांगं जातो म्हंजे काय, गावभर जातो का? धुरा पायाले लागला का उभंच राहतो ना आमी."

सरांनी तिच्याकडं असं पाहिलं की तिला वाटलं आपलं काही चुकलं.

त्याच दिवशी संध्याकाळी, उजेड असतानाच, शाळेच्या मैदानावर गोलच्या पुढं दहा पावलांवर सरांनी एक जाड दोर टाकला. तणसाचा, म्हणजे धानाच्या वाळल्या पेंढ्याचा, गावातल्याच एकानं वळून दिलेला. चुना टाकला असता तर पावसानं धुऊन गेला असता. म्हणाले, "हा धुरा. याच्या मागं कुणी जायचं नाही. दोर पायाला लागला की ताठ उभं राहायचं आणि पुढं तुटून पडायचं." चेंडू आला. आम्ही तिघी मागं गेलो. दोर टाचेला लागला. आम्ही ताठ उभ्या राहिलो, तिघींनी एकदम कमरेवर हात ठेवले, आणि एका सुरात "अव माय व" केलं. धुऱ्यावर पोचल्यावर कंबर सरळ करताना जे तोंडातून निघतं तेच. चेंडू आमच्या मधून आरामात गोलमध्ये गेला. सर खाली बसले. माझी जाऊ हसून हसून गोलच्या खांबाला टेकली.

मंगळवारी "अव माय व" म्हणायचं पण हात कमरेवर न्यायचे नाहीत, इतपत प्रगती झाली. बुधवारी सर स्वतः बांधीत उतरले. कारण विचारलं तर म्हणाले, तुमचे पाय समजून घ्यायचे आहेत. पहिल्या दहा मिनिटांत ते चिखलात दोनदा बसले आणि त्यांनी लावलेली रोपं दुसऱ्या दिवशी पाण्यावर तरंगत होती. जाऊनं ती गुपचूप परत लावली. पण त्या संध्याकाळी दोराला टाच लागली आणि आम्ही खरंच पुढं धावलो. आमच्या पुढं खेळणाऱ्या पोरी इतक्या दचकल्या की त्यांनी चेंडू सोडून दिला. सरांनी शिट्टी वाजवलीच नाही, नुसते टाळ्या पिटत राहिले.

गुरुवारी दुपारी आम्ही नहरावर, कालव्याच्या पाण्यात, पाय धूत होतो. ती बारावीतली पोरगी जरा बाजूला जाऊन बसली होती. मी गेले तर तिनं पाय पाण्यात लपवले. मी हात धरून वर काढायला लावले. बोटांच्या मधली कातडी पांढरी पडून फाटली होती, लाल दिसत होती. चिखल्या. रोवणीत त्या सगळ्यांनाच होतात, पण हिच्या भलत्याच चिघळल्या होत्या.

"काकू, सरले सांगू नोका."

"नाई सांगत," मी म्हटलं.

आणि नाही सांगितलं. शब्द पाळला म्हणून मला स्वतःचं कौतुकही वाटलं. खरं तर सांगायची गरजच नव्हती. अजून दोन दिवस चिखलात गेली की शनिवारी तिला धड पळता येणार नाही, हे मला कळत होतं. चिखल्यांवर मेंदीचा पाला वाटून लावायचा हेही ठाऊक होतं, आणि मेंदीचं झाड माझ्याच परसात आहे. मी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. त्या संध्याकाळी मी अशी पळाले की सर म्हणाले, "वहिनी, आज फॉर्मात आहात." घरी येऊन झिंग्याच्या चटणीसोबत दोन ताटं भात खाल्ला.

शुक्रवारी सरांनी सगळ्यांना बूट घालून यायला सांगितलं, कारण स्पर्धेत बुटांशिवाय उतरू देत नाहीत. ती पोरगी शाळेच्या पायरीवर बसून बुटात पाय कोंबत होती. तिच्या भावानं अंदाजानं आणलेले, मुळातच तंग. ओठ दाबून, डोळे मिटून ती जोर लावत होती. डोळे उघडले तर समोर मी. तिनं हसून मान हलवली, काही नाही काकू, अशी.

मला माझाच राग आला आणि मी तो तिच्यावरच काढला. "काहून व, तोंड नाई का तुले? मेंदी मांगता येत नाई?"

"तुमच्या घरी आहे का मेंदी?" तिनं विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

सरांना सांगितलं की हिला घरी काम आहे, आणि तिला ओढत घरी नेलं. पाला वाटून बोटांच्या मध्ये भरला. दम दिला की उद्या बांधीत पाय टाकशील तर याद राख. शनिवारी तिच्या वाटची ओळ मी लावली. सासूबाई टोळीला जेवण घेऊन आल्या होत्या. मी त्यांना मामी म्हणते. धुऱ्यावरून विचारू लागल्या, "तिची रोवणी तू काहून करून राहिली?"

"तिचे पाय खराब झाले, मामी."

"मंग तुले बरंच झालं ना. आता तूच खेळशीन."

माझ्या मनातलं त्यांनी एवढ्या सहज मोठ्यानं बोलून दाखवलं की मी मान वर केली नाही. चिखलाकडं पाहत लावत राहिले.

संध्याकाळी सरांनी आम्हा दोघींना अनवाणी पळवलं. ती जिंकली. थोडीशी लंगडत होती, तरी चांगल्या चार-पाच हातांनी जिंकली. सर म्हणाले, "ठरलं." मी घरी आले आणि होती नव्हती ती सगळी भांडी घासली, घासलेली परत घासली. नवरा एका कोपऱ्यात बसून मुकाट कांदा चिरत होता. त्याला ठाऊक होतं, अशा वेळी बोललं की कढई आपल्या दिशेनं येते.

रविवारी सकाळी टेम्पोनं निघालो. साकोलीपर्यंत गाणी म्हटली. कारध्याच्या पुलावरून वाकून पाहिलं तर वैनगंगा काठोकाठ वाहत होती. मैदान मात्र वाळलं होतं. सर पंचांशी बोलायला गेले आणि इकडं त्या पोरीनं बुटात पाय घातला. घातला म्हणजे अर्धाच गेला. जखमा सुकत आल्या होत्या, पण त्या तंग बुटात त्या पुन्हा उघडणार हे उघड होतं. ती रडली नाही. नुसती बुटाकडं पाहत बसली.

माझे बूट सात नंबरचे आहेत, आणि पुढून रुंद. मी लेस सोडली. यातला अर्धा चांगुलपणा होता आणि अर्धा रुसवा. मला खेळवणारच नाहीत तर बूट घालून मिरवू कशाला, असा. "हे घाल. पुढं कापूस कोंब," मी म्हटलं आणि चपला अडकवल्या.

पहिल्या अर्ध्यात आम्ही एक गोल केला. दुसऱ्या अर्ध्यात त्या आमच्यावर तुटून पडल्या. तिथं दोर नव्हता, पण माझी जाऊ गोलमधून "धुरा!" असं खणखणीत ओरडायची आणि तिघी जागच्या जागी थांबून पुढं झेपावायच्या. त्या पोरीनं माझ्या बुटांनी तीनदा चेंडू काढून घेतला. तिसऱ्यांदा तर मी इतकी ओरडले की पंचांनी वळून पाहिलं. शेवटची सहा मिनिटं उरली असताना आमच्या डाव्या बाजूच्या पोरीचा पाय मुरगळला. दोघींनी तिला उचलून बाहेर आणलं. सर माझ्याकडं वळले.

"वहिनी, उतरा!"

मी चपला भिरकावल्या आणि अनवाणीच धावले. रेषेपाशी पंचांनी हात आडवा धरला आणि माझ्या पायांकडं बोट दाखवलं. सरांनीही पाहिलं.

"बूट कुठं आहेत?"

"आत खेळून राहिले, सर."

सरांना कळायला थोडा वेळ लागला. जखमी पोरीचे बूट काढून पाहिले, ते चार नंबरचे. माझी नुसती बोटं आत गेली, आणि बाहेर पडलेल्या त्या तंग बुटांतही तेवढीच. माझे बूट घातलेली पोरगी ते मला द्यायला बाहेर निघाली तशी मीच तिला ओरडून परत पाठवलं. ती त्या क्षणी आमची सगळ्यात चांगली खेळत होती, आणि हे मला नाकारता येत नव्हतं. उरलेली मिनिटं आमच्या सहाजणीच खेळल्या. मी रेषेच्या बाहेर अनवाणी उभी राहून ओरडत होते.

जिंकलो. पोरींनी जाऊला उचललं, ती जड आहे म्हणून परत खाली ठेवलं. सरांनी छत्री हवेत फेकली. ती पोरगी धावत माझ्याकडं आली, मिठी मारली आणि लगेच खाली बसून लेस सोडू लागली. "काकू, तुमचे बूट."

बूट आतून अजून गरम होते. मी तिथंच बसून ते घातले, लेस घट्ट बांधली. सगळ्या टेम्पोकडं निघाल्या होत्या. मला खूप आनंद झाला होता, आणि मला खेळायचं होतं. दोन्ही एकाच वेळी खरं होतं.

"वहिनी, चला, उशीर होतो," सरांनी हाक मारली.

"दोन मिनिटं थांबा," मी म्हटलं, आणि रिकाम्या मैदानात उतरले.