बेकिंग न केलेले बोल्ट

पोलादातून हायड्रोजन कसा सरकतो, हे संगणकावर मांडून बघणं हा अनुजा साळसकरच्या पीएचडीचा विषय. पडद्यावर लोखंडाच्या अणूंची जाळी असायची आणि हायड्रोजनचे इवले कण तिच्यातून उड्या मारत जायचे. जिथे ताण जास्त, तिथे ते गोळा व्हायचे. तिथेच पोलाद मग अचानक तडकायचं.

घोडपदेवच्या चाळीत तिच्या शेजारच्या खोलीत तिचा काका सुशांत राहायचा. कॉटन ग्रीनला त्याचा प्लेटिंगचा छोटा कारखाना होता. बोल्ट ॲसिडमध्ये धुवायचे आणि त्यांच्यावर जस्ताचा थर चढवायचा, हे तिथलं काम. एका रविवारी बांगड्याचं तिखलं वाढून घेताना त्याने विचारलं,

"अगो, दिवसभर त्या कॉम्प्युटरवर करतंस तरी काय?"

"सिम्युलेशन. तुला नाही कळायचं, काका."

काका हसला आणि जेवायला लागला.

पुढे दिवाळीनंतर त्याने कारखान्यात जड पिंपं साखळीने वर उचलणाऱ्या चेनब्लॉकचे जुने बोल्ट बदलले. नवे जास्त ताकदीचे आणले, आणि गंजू नयेत म्हणून आपल्याच टाकीत प्लेटिंग करून घेतले. काही दिवस ठीक गेले. मग एका सकाळी बोल्ट तुटला आणि वर टांगलेलं भरलेलं पिंप दगडूच्या पायावर आलं. दगडू काकाकडचा सर्वांत जुना कामगार.

परळच्या हॉस्पिटलात काकाने खिशातून तुटका बोल्ट काढून तिला दाखवला. "नवीन माल होतो गो. दुकानदारान फसवल्यान."

बोल्ट जराही वाकला नव्हता. खडू मोडावा तसा मोडला होता.

"काका, प्लेटिंगनंतर भट्टीत बेकिंग केलं होतं?"

"कसली भट्टी? आमच्या मालाक कधी लागाक नाय."

साध्या बोल्टांना लागत नाही, हे खरंच होतं. पण या नव्या बोल्टांसारख्या कडक पोलादात ॲसिडमधून हायड्रोजन शिरतो, आणि तापवून वेळीच बाहेर काढला नाही तर घात करतो. तिच्या प्रबंधाची सुरुवातच या वाक्याने होती. ती गप्प राहिली असती तर दोष दुकानदारावर गेला असता. तिने काकाला सगळं सांगितलं.

काकाने तुटका बोल्ट परत खिशात टाकला.

"त्या रविवारी माका सांगूक तुका दोन मिनटां लागली असती," तो म्हणाला आणि दगडूची औषधं आणायला खाली गेला.

दगडूच्या पायाची दोन बोटं काढावी लागली. काकाने भट्टी घेतली. कुठला माल किती तापवायचा, हे अनुजाने कारखान्यात जाऊन समजावलं. काका कामापुरतं बोलला. दगडू आता भट्टीपाशी स्टुलावर बसून काम करतो. ती माफी मागायला लागली तेव्हा त्याने हात उडवला.

"पिंप काय तू पाडलंस, पोरी? चहा घे."

तिने चहा घेतला. तो संपेपर्यंत तिला त्याच्या पायाकडे बघवलं नाही.